ओगल्यांचं काय, वहिनी?

डॉक्टर सुप्रभा नवाथे मराठी मंडळाच्या अध्यक्षपदाला उभी राहिली ती म्हाताऱ्या माणसांपायी. पिनरमधल्या तिच्या सर्जरीत, म्हणजे दवाखान्यात, रोज एखादी तरी आजी नाहीतर आजोबा यायचे, ज्यांना खरं म्हणजे काहीच झालेलं नसायचं. मुलगा-सून सकाळी कामावर जायची, नातवंडं शाळेत, आणि ही माणसं हीटिंग लावलेल्या बंद घरात संध्याकाळची वाट बघत बसायची. ब्लडप्रेशर बघा म्हणून यायची आणि मराठीत चार वाक्यं बोलायला मिळाली की डोळे पुसत परत जायची.

ईलिंगला मंडळाचा स्वतःचा हॉल होता. शनिवारी तिथे मुलांची मराठी शाळा भरायची, गणपतीत तर पाय ठेवायला जागा नसायची, पण एरवी आठवडाभर दाराला कुलूप. सुप्रभाचं म्हणणं एवढंच होतं, की आठवड्यातून दोन दिवस ते कुलूप काढावं, चहा करावा, पत्ते आणि कॅरम मांडावा आणि या माणसांना तिथे आणून बसवावं. कौन्सिलची, म्हणजे तिथल्या नगरपालिकेची, मिनीबस मिळण्यासारखी होती. तिने चौकशी करून ठेवली होती.

ही गोष्ट ब्याण्णव सालची. तिच्या विरुद्ध हरीश चांदोरकर उभा होता. हरीश बरीच वर्षं मंडळाचा सेक्रेटरी होता आणि त्याची ट्रॅव्हल एजन्सी होती. भारतात कुणाचे वडील गेल्याचा फोन आला, की लोक आधी हरीशला फोन करायचे आणि तो कुठून तरी त्याच दिवसाचं तिकीट काढून द्यायचा. स्वतः गाडी घेऊन हीथ्रोला सोडायला जायचा. लोकांचा त्याच्यावर जीव होता, आणि तो उगाच नव्हता. फक्त तो खोटं बोलायचा. बोलताना काही माणसांचे हात हलतात तितक्या सहज बोलायचा.

मार्चपासून घरोघरी फोन सुरू झाले. सुप्रभावहिनी हॉल कौन्सिलच्या ताब्यात देणार आहेत. शनिवारची शाळा बंद होणार. गणपती यंदा कार पार्कमध्ये.

सुप्रभाने त्याला फोन केला. "हरीश, मी असं कधी म्हणाले?"

"वहिनी, मी कुठे म्हटलं तुम्ही म्हणालात?" तो हसत म्हणाला. "लोक काळजी करतायत एवढंच मी सांगितलं. तुम्हीच एकदा खुलासा करून टाका ना."

तिने फोन ठेवला तेव्हा तिच्या लक्षात आलं, की आपण आता खुलासे करणारी बाई झालो आहोत.

कमिटीने त्या वर्षी एक नवीन टूम काढली. वार्षिक सभेत मतदानाच्या आधी दोन्ही उमेदवारांनी स्टेजवर समोरासमोर बसायचं, एकमेकांना प्रश्न विचारायचे, लोकांनी ऐकायचं आणि मग मतं टाकायची. हे ऐकून सुप्रभाचा नवरा श्रीकांत खूश झाला. तो ब्रॅकनेलला एका कंप्युटर कंपनीत होता, पण पुण्यात कॉलेजात असताना वादविवाद स्पर्धांच्या ढाली घेऊन घरी यायचा. आपल्या बायकोची तयारी आपणच करून घेणार, असं त्याने जाहीर केलं.

ईस्टरच्या सुट्टीत त्यांची मुलगी शिल्पा लीड्सहून घरी आली होती. ती कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला होती; इथेच वाढल्यामुळे तिच्या मराठीत तो-ती-ते यांचा घोळ व्हायचा. एका रविवारी जेवणं झाल्यावर श्रीकांतने टेबल मोकळं केलं, सुप्रभाला एका टोकाला बसवलं आणि शिल्पाला दुसऱ्या.

"खोटं बोलायला एक वाक्य पुरतं," तो म्हणाला. "ते खोडायला दहा लागतात. तुझी दहा होईपर्यंत तो आणखी चार खोटी बोललेला असतो. तू त्याच्या मागे धावत सुटलीस की संपलं. लोकांना घरी जाताना एवढंच आठवणार, की ही बाई सारखी नाही-नाही म्हणत होती."

"मग सोडून द्यायचं?"

"सगळं नाही. एक पकडायचं. ज्याचा पुरावा आपल्या हातात आहे असं एकच. मी हॉलच्या टाइमटेबलची ट्रान्सपरन्सी करून आणतो ऑफिसमधून. ती प्रोजेक्टरवर लावायची, शनिवार दाखवायचा, आणि शाळा बंद होणार हे खोटं आहे असं त्याच्याच तोंडून वदवून घ्यायचं. मग म्हणायचं, बाकीचंही असंच आहे. त्यानंतर त्याच्याकडे बघायचंसुद्धा नाही. आपल्या म्हाताऱ्या माणसांचं बोलायचं."

"आणि गणपती?"

"तो शब्द काढू नकोस. गणपती कार पार्कमध्ये जाणार नाही असं तू म्हणालीस, की ऐकणाऱ्याच्या कानात गणपती आणि कार पार्क एवढंच राहतं."

शिल्पा हरीश झाली. ती त्याला लहानपणापासून बघत आली होती. खुर्चीत मागे रेलून, एक हात शेजारच्या खुर्चीच्या पाठीवर टाकून ती अशी काही हसली, की श्रीकांतलाही हसू आवरेना. पहिल्यांदा सुप्रभा चिडली. दुसऱ्यांदा तिने खूप लांब उत्तर दिलं. "ही उत्तर चालणार नाही, आई," शिल्पा म्हणाली, "इट्स टू लाँग, लोक झोपतील." तिसऱ्या वेळी मात्र सुप्रभाला सूर सापडला. तिने शाळेचा मुद्दा दोन वाक्यांत संपवला आणि सरळ आपल्या आजी-आजोबांवर आली. श्रीकांतने टेबलावर थाप मारली.

तेव्हा शिल्पा पुढे झुकली आणि हरीशच्याच आवाजात म्हणाली, "ते सगळं ठीक आहे. पण ओगल्यांचं काय, वहिनी?"

सुप्रभा टेबलावरचे कण बोटाने गोळा करू लागली.

"आई?"

"हा प्रश्न नको."

"पण तो विचारणार. सगळे बोलतात. रेखामावशीकडे मी पण ऐकली. तू चंद्रशेखरकाकांना ॲसिडिटी म्हणालीस आणि इट वॉज कॅन्सर."

"शिल्पा, हा प्रश्न नको म्हटलं ना."

"हरीश विचारणार नाही असं धरून कसं चालेल?" श्रीकांत म्हणाला. "उत्तर तयार हवं. काय आहे उत्तर?"

"उत्तर नाही," सुप्रभा म्हणाली आणि उठून स्वयंपाकघरात गेली.

उत्तर होतं. ते तिला एकटीला माहीत होतं.

चंद्रशेखर ओगले आदल्या वर्षी वारले होते. त्याच्याही आदल्या शरद ऋतूत ते पोटाच्या तक्रारीसाठी तिच्याकडे आले होते. तिने पोटाला हात लावला आणि त्याच आठवड्यात त्यांना हॉस्पिटलला पाठवलं. स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला, पसरलेला. ऑपरेशनचा उपयोग नव्हता. रिपोर्ट ऐकल्यावर ते म्हणाले, "वैजयंतीला सांगायचं नाही."

"ओगले, त्यांना सांगावंच लागेल."

"मी तिला सांगितलंय, डॉक्टर म्हणतात ॲसिडिटी आहे. तुमचं नाव घेतलं, माफ करा. या हिवाळ्यात तिला कोकणात घेऊन जाणार आहे. लग्न झाल्यापासून नेतो-नेतो म्हणतोय. तिने रोज माझ्या तोंडाकडे बघून रडावं असं मला नकोय. ही एक सहल तिची हसत होऊ दे. आल्यावर मी स्वतः सांगेन."

सुप्रभाने त्यांच्याशी वाद घातला. पुढच्या भेटीतही घातला. शेवटी ते शांतपणे म्हणाले, "तुम्ही माझ्या डॉक्टर आहात. तिच्या नाही." तिने शब्द दिला.

ते दोघं कोकणात जाऊन आले. वैजयंतीबाईंनी फोटोंचा अल्बम केला. समुद्रावरचे, सुपारीच्या बागेतले, कुठल्याशा देवळाच्या पायरीवर बसून दोघं आंबोळ्या खाताना. चंद्रशेखर परत आले आणि आठवड्याभरात कोसळले. सांगायचं राहूनच गेलं. हॉस्पिटलातल्या कुणीतरी वैजयंतीबाईंना म्हटलं, की आजार जुना आहे, बरेच महिने आत होता. क्रिमेटोरियमच्या दारात त्या सुप्रभाजवळ येऊन हळू आवाजात म्हणाल्या, "तुम्ही ॲसिडिटी म्हणाला होतात ना?" आणि उत्तराची वाट न बघता निघून गेल्या.

पेशंट गेला म्हणून डॉक्टरचं तोंड मोकळं होत नाही. हा नियम होता, आणि सुप्रभाने आजवर तो पाळला होता. पण नुसत्या नियमाचा प्रश्न असता तर तिला इतकं जड गेलं नसतं. तो अल्बम वैजयंतीबाई घरी येणाऱ्या प्रत्येकाला दाखवायच्या. ते सगळं बघताना आपला नवरा मनातल्या मनात निरोप घेत होता आणि आपल्याला पत्ताच नव्हता, हे त्या बाईला सांगायचं कुणी? आणि कशासाठी, तर मंडळाच्या एका खुर्चीसाठी?

श्रीकांत मागोमाग स्वयंपाकघरात आला. ती भांडी घासत होती. त्याने फडका घेतला आणि एकेक ताट पुसायला लागला.

"तू नुसतं एवढं म्हण, की मी सगळं वेळेवर केलं होतं. त्यात काय हरकत आहे?"

"तेवढं म्हटलं की पुढचा प्रश्न येतो."

"कुठला?"

"तो मी सांगू शकत नाही."

त्याने पुसलेलंच ताट पुन्हा पुसलं. "चूक झाली होती का, सुप्रभा?"

"मी पेशंटबद्दल बोलत नाही. तुला माहीत आहे."

"मी लोकांपैकी नाही. मी तुझा नवरा आहे."

तिने नळ बंद केला. क्षणभर तिला वाटलं सांगून टाकावं. पण हा माणूस तिला माहीत होता. उद्या भरसभेत कुणी तिच्यावर बोट उगारलं असतं, तर तो उभा राहून सगळं सांगून मोकळा झाला असता. तिच्यावरच्या प्रेमापोटीच झाला असता. "नाही सांगता येत," ती म्हणाली. त्याने फडका खुंटीला अडकवला आणि बाहेर गेला. इतक्या वर्षांत तिच्या या गप्प राहण्याचा त्याला अभिमानच वाटत आला होता. त्या दिवशी पहिल्यांदा त्याला त्यात दुसरं काहीतरी दिसलं.

सभेच्या दिवशी हॉल भरला होता. बाहेर बारीक पाऊस होता, ओल्या कोटांचा वास आत कोंडला होता. शनिवारच्या शाळेच्या जुन्या बाई, मधुमतीबाई, अध्यक्षस्थानी होत्या. त्यांनी दोघांनाही सांगितलं, की आवाज चढवायचा नाही. श्रीकांत दुसऱ्या रांगेत ट्रान्सपरन्सीचं फोल्डर मांडीवर घेऊन बसला होता, शेजारी शिल्पा. वैजयंतीबाई मधल्या कुठल्यातरी रांगेत, एकट्या.

सुरुवात ठरल्याप्रमाणे झाली. हरीशने शाळेचा विषय काढला. सुप्रभाने श्रीकांतला खूण केली, प्रोजेक्टर लागला, भिंतीवर टाइमटेबल दिसलं. शनिवारची सगळी घरं शाळेच्या नावाने भरलेली.

"हरीश, हे मी गेल्या महिन्यात कमिटीला दिलं होतं," ती म्हणाली. "तुमच्या हातात दिलं होतं. यात शाळा बंद होणार असं कुठे लिहिलंय ते दाखवा."

श्रीकांत खुर्चीच्या कडेवर आला. हरीश उठून भिंतीजवळ गेला, चष्मा लावून ते घरांचं कोष्टक वरपासून खालपर्यंत वाचल्यासारखं केलं, मग वळला आणि दोन्ही कान पकडले.

"चुकलो, वहिनी. माझीच चूक. म्हातारपण आलं, दुसरं काय. आता मलाच तुमच्या त्या सेंटरमध्ये भरती करून घ्या."

सगळा हॉल हसला. मधुमतीबाईसुद्धा हसल्या. तो परत येऊन आपल्या खुर्चीत बसला तेव्हा लोकांना तो आधीपेक्षा जास्त आवडलेला होता. श्रीकांतच्या सगळ्या डावपेचांत एक गोष्ट गृहीत होती, की खोटं उघडं पडलं की माणूस शरमतो. शरमच नसली तर पुढे काय करायचं, ते त्याने कधी ढाली जिंकताना शिकलेलं नव्हतं.

"बाकीचंही असंच आहे," सुप्रभा म्हणाली, पण हसण्याच्या आवाजात ते मागच्या रांगांपर्यंत पोचलं नाही. ती आजी-आजोबांबद्दल बोलू लागली. चांगलं बोलली. एक आजी रोज दुपारी मुलाच्या ऑफिसचा नंबर फिरवून तिकडे बेल वाजायच्या आत फोन ठेवून देतात, हे तिने सांगितलं तेव्हा काही बायकांनी माना खाली घातल्या. थोडा वेळ हॉल तिचा होता.

हरीशने ते सगळं गंभीरपणे ऐकून घेतलं. मग अगदी हळू, दुःखी आवाजात म्हणाला, "वहिनी, तुमची तळमळ मला पटते. पण आपल्या आई-वडिलांना आपण कुणाच्या हवाली करतो, हा शेवटी विश्वासाचा प्रश्न आहे. मला विचारायला आवडत नाही. पण ओगल्यांचं काय, वहिनी? वर तुमची चौकशी चालू आहे असं ऐकतो. खरं-खोटं तुम्हीच सांगा."

"माझी कसलीही चौकशी चालू नाही," सुप्रभा म्हणाली. "हे साफ खोटं आहे."

"बरं झालं. मग ओगल्यांना तुम्ही काय सांगितलं होतं, तेवढं सांगून टाका."

"मी माझ्या पेशंटविषयी इथे बोलणार नाही. कुठेच बोलणार नाही."

"नियम आहे म्हणता?"

"हो."

"डॉक्टरांना नियमाआड बसता येतं," हरीश लोकांकडे वळून म्हणाला. "आम्ही साधी माणसं. आम्हाला चुकलो तर कान पकडावे लागतात."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. त्यापेक्षा वाईट झालं. लोक एकमेकांकडे बघायला लागले. सुप्रभाने श्रीकांतकडे पाहिलं. तो फोल्डरचा पट्टा लावत होता. शिल्पाने मात्र नजर हलवली नाही. ती आईकडे बघत होती, आणि तिचे ओठ हलत होते, जणू एखादं तयार उत्तर ती तिथून स्टेजकडे ढकलू बघत होती.

मधुमतीबाईंनी चहाची सुट्टी जाहीर केली. चहानंतर मतदान.

सुप्रभा मागच्या स्वयंपाकघरात गेली. चहाची मोठी टाकी उकळत होती, काचा धुरकटल्या होत्या. ती कप लावायला लागली, हातांना काहीतरी काम हवं म्हणून. दार उघडून वैजयंतीबाई आत आल्या.

"डॉक्टर, मी हरीशभाऊंना हे बोलायला सांगितलं नव्हतं."

"मला माहीत आहे, वहिनी."

"असं चारचौघांत त्यांचं नाव काढलेलं मला आवडलं नाही. पण मला स्वतःला विचारायचं धैर्य झालं नव्हतं. आता विचारते." त्यांनी दार पाठीमागे लावून घेतलं. "ते पांढरं औषध मी माझ्या हाताने त्यांना चमच्याने द्यायचे. डॉक्टर म्हणाल्या ॲसिडिटी आहे, असं ते सांगायचे. तुम्ही तसं म्हणाला होतात?"

सुप्रभाने आणखी एक कप रांगेत लावला.

"मी वर्षभर एकच विचार करतेय. दोघांपैकी एकजण. एक तर तुमची चूक झाली, नाहीतर ते माझ्याशी खोटं बोलले. तुमची चूक असेल तर ठीक आहे. डॉक्टर म्हणजे काही देव नाही. मी एकदा रडून घेईन आणि सोडून देईन, कुठे तक्रार करायला जाणार नाही. पण ते जर खोटं बोलले असतील, सगळं माहीत असून, तिकडे समुद्रावर माझ्याबरोबर हसत असताना..." त्या थांबल्या. "मग मी कुणाबरोबर राहिले इतकी वर्षं? तुम्ही नियमाचं सांगू नका. मला एवढंच सांगा, कोण?"

आता गप्प राहण्यात अर्थ नव्हता. गप्प राहणं हेच एक उत्तर झालं असतं, आणि ते त्या बाईंना समजलं असतं. बाहेर कुणीतरी बशा मागत होतं. सुप्रभाने हातातला कप खाली ठेवला. त्या सबंध दिवसात ती जे एकच खोटं बोलली, ते अगदी साध्या आवाजात बोलली.

"माझी चूक झाली, वहिनी. मी तेव्हाच ओळखायला हवं होतं."

वैजयंतीबाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग त्यांचा चेहरा हळूहळू सैल पडला आणि त्या रडू लागल्या, पण ते रडणं मोकळं होतं. त्यांनी सुप्रभाच्या गळ्यात हात टाकले. "किती दिवस वाट बघत होते मी," त्या म्हणत राहिल्या. "किती दिवस."

बशा घ्यायला आलेल्या दोघी दारातच थबकल्या. वैजयंतीबाईंनी डोळे पुसत त्यांना सांगितलं, "केवढं मोठं मन आहे बघा यांचं. कबूल केलं मला. दुसऱ्या कुणी केलं असतं?" त्या ते कौतुकाने म्हणाल्या. बाहेर जाऊन आणखी चौघांना सांगितलं, तेही कौतुकानेच. चहा संपेपर्यंत हॉलच्या दुसऱ्या टोकाला कळलं होतं, की डॉक्टरीणबाईंनी कबूल केलं. तिथवर जाताना कौतुक वाटेत कुठेतरी गळून गेलं होतं.

मतं मोजली तेव्हा फरक एवढा होता, की मधुमतीबाईंनी आकडे वाचायचं टाळलं आणि फक्त हरीशचं नाव सांगितलं.

हरीश सगळ्यांचे हात हातात घेत सुप्रभापाशी आला. आवाज खाली आणून म्हणाला, "वहिनी, मनाला लावून घेऊ नका. इलेक्शन म्हटलं की थोडं इकडेतिकडे होतंच." मग थोडं थांबून, खरोखरच नवल वाटल्यासारखा, "पण तुम्ही कबूल कराल असं मला वाटलं नव्हतं. मी आपलं अंदाजाने ठोकून दिलं होतं."

गाडी निघाली. वायपर फिरत होते. शिल्पा मागच्या सीटवरून म्हणाली, "आई, आय ॲम सॉरी. मी त्या दिवशी तो गोष्ट काढायला नको होती."

"तू काढली नसतीस तरी त्याने काढली असती."

श्रीकांत समोर बघत गाडी चालवत होता. "त्या बाईला सांगितलंस," तो म्हणाला. "मी विचारलं तेव्हा मला नियम सांगितलास."

सुप्रभाला खूप काही बोलायचं होतं. पण आता खरं सांगितलं, तर त्याला दोनच गोष्टी करता आल्या असत्या. एक तर उद्या सकाळी हरीशला फोन, नाहीतर वैजयंतीबाईंना. आणि गप्प बसायचं वचन घेऊन सांगितलं, तरी त्याने विश्वास ठेवला असता का? पकडली गेल्यावर बाई आता गोष्ट रचते आहे, असंच कुणालाही वाटलं असतं. तिला स्वतःला वाटलं असतं.

"हो," ती म्हणाली. "तिला सांगितलं."

"म्हणजे झाली होती चूक."

ती काचेवरच्या पाण्याकडे बघत राहिली. त्याने पुन्हा विचारलं नाही.

त्यानंतर फार काही घडलं नाही. हॉल कौन्सिलकडे गेला नाही, शाळा चालू राहिली, गणपती आतच बसला. आठवड्यातले ते दोन दिवस कधी आलेच नाहीत, कारण हरीशला त्यात रस नव्हता, आणि ज्यांना होता त्यांना सुप्रभाचं नाव घ्यायचं नव्हतं. काही मराठी घरांनी आपली नावं दुसऱ्या सर्जरीत नेली. कुणी भांडलं नाही, कुणी कारण दिलं नाही. लोक रस्त्यात भेटले की पूर्वीइतकंच हसायचे आणि पूर्वीपेक्षा लवकर निघायचे. आजी-आजोबांचं येणंही कमी झालं. त्यांना कुणी आणून सोडेना.

पुढच्या वर्षी हरीशने मेंबरांच्या याद्या कंप्युटरवर घालायचं ठरवलं आणि श्रीकांतला मदत मागितली. श्रीकांतने सुप्रभाला विचारलं, "मी जाऊ ना?" ती म्हणाली, "जा की." तो जाऊ लागला. परत आला की तिथल्या गमती सांगायचा, मधेच थांबायचा आणि टीव्ही लावायचा.

वैजयंतीबाई मात्र बदलल्या होत्या. त्या पुन्हा सणासमारंभाला यायला लागल्या, रंगीत साड्या नेसायला लागल्या. सुप्रभा दिसली की हटकून जवळ येऊन बसायच्या, तिचा हात हातात घ्यायच्या. त्यांनी तिला क्षमा केली होती आणि ती क्षमा त्या पुन्हापुन्हा, मनापासून करत होत्या. सुप्रभाला तो हात सोडवून घेता येत नसे.

एका सकाळी नाश्त्याच्या वेळी श्रीकांत म्हणाला, की मंगळवारी तो ऑफिसला उशिरा जाणार आहे. नॉर्थवुडच्या एका डॉक्टरची अपॉइंटमेंट आहे.

"कसली?"

"काही नाही. जिना चढताना छातीत जरा धरल्यासारखं होतं."

सुप्रभाने चहाचा मग टेबलावर ठेवला. "कधीपासून?"

"झाले असतील दोन-तीन महिने."

लग्नापासून त्याचं डोकं दुखलं तरी तो आधी तिला सांगत आला होता. "मला बोलला नाहीस."

"तू कामात असतेस," तो म्हणाला. तो टोस्टला अगदी कडेपर्यंत लोणी लावत होता, आणि त्याने वर बघितलं नाही. "आणि म्हटलं, एकदा दुसऱ्या कुणालातरी दाखवून घ्यावं."

तिने मान हलवली. मंगळवारी तो गेला आणि रिपोर्ट चांगले आले, हेही तिला दोन दिवसांनी कळलं, शिल्पाच्या फोनवरून.